पीएसएल घेतली : गरिबाची ड्रॅगुनोव्ह, पण गोळ्या श्रीमंताच्या

तर शेवटी घेतली एकदाची. रोमानियन पीएसएल रायफल. आठ महिने झाले, सुमारे चारशे राउंड (म्हणजे गोळ्या) झाडून झालेत, आता लिहायला हरकत नाही. इकडे टेक्सासमध्ये आपली बरीच मंडळी हल्ली रेंजवर दिसतात आणि दोघा-तिघांनी विचारलं की अरे ती लांबडी रायफल कुठली, ड्रॅगुनोव्ह का? तर नाही. दिसते तशी, पण आतून पूर्ण वेगळी आहे.

खरी रशियन ड्रॅगुनोव्ह, म्हणजे लांबून नेम धरायची स्नायपर रायफल, १९६३ ची. आपल्या भारतीय सैन्यातही ती वर्षानुवर्षं आहे, लहानपणापासून फोटोत बघितलेली, त्यामुळे डोक्यात बसलेली. पण इथे खरी मिळणं म्हणजे चांगल्या सेकंडहँड गाडीचे पैसे. ६८ मध्ये रशियाने चेकोस्लोव्हाकियात सैन्य घुसवलं, त्यानंतर रोमानियाचं रशियाशी फारसं पटेना, मग त्यांनी स्वतःचीच बनवली, १९७४ ची, कुगीर गावच्या कारखान्यात. हुशारी अशी की नवीन काही काढायच्या भानगडीत पडलेच नाहीत, एके ४७ ची मोठी बहीण जी आरपीके मशीनगन तिचाच सांगाडा घेतला, जरा ताणला आणि त्यात ७.६२ बाय ५४ मिलिमीटरची मोठी गोळी बसवली. ही गोळी १८९१ ची बरं का, लोकमान्यांच्या काळातली, आणि अजून चालूच आहे. तर वरचं झाकण काढलंत की आत एकेच दिसते, ज्याने एके खोलली आहे त्याला वेगळं शिकावं लागत नाही. ड्रॅगुनोव्हची मॅगझिन (गोळ्या भरायच्या पेट्या) हिला चालत नाहीत, दोन्ही दहा गोळ्यांचीच असली तरी. ओळखायची खूण म्हणजे पीएसएलच्या मॅगझिनवर इंग्रजी एक्ससारखी फुली दाबलेली असते.

आधी खरेदीचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. एच वन बी वर असाल तर साधारणपणे बंदूक घेता येत नाही (शिकारीच्या लायसनची एक पळवाट आहे, पण ते आपल्या वकिलाला विचारा, मला नाही). ग्रीन कार्ड असेल तर येते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग पार्श्वभूमी तपासायला नाव एफबीआयकडे जातं. माझ्या मागे लाइनमध्ये असलेला टोपीवाला आजोबा पाच मिनिटांत रायफल घेऊन गेला आणि माझ्या नावापुढे 'डिलेड'. दुकानदार म्हणाला काळजी करू नको, तुझं नाव त्यांना वाचता येत नसेल. तिसऱ्या दिवशी फोन आला, या घेऊन जा. गावाकडे काकांच्या बारा बोअरच्या लायसनसाठी त्यांनी कलेक्टर ऑफिसच्या ज्या चकरा मारलेल्या मला आठवतात, त्यापुढे तीन दिवस म्हणजे काहीच नाही. आणि तिकडे असली सैनिकी सेमी ऑटोमॅटिक साध्या माणसाला मिळतच नाही, हा भाग वेगळा.

किंमत. वीस वर्षांपूर्वी ही हजार डॉलरच्या खाली मिळायची असं सगळे जुने लोक उसासे टाकत सांगतात. मला जुनी वापरलेली, स्कोप आणि दोन मॅगझिनसकट, अडीच हजारांच्या जरा आत पडली. याला स्वस्त म्हणायचं का? या जातीत, हो. नुसता नेम मारायचा असेल तर नाही, पाचशे-सहाशे डॉलरची साधी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची) हिच्यापेक्षा बारीक ग्रुप देते, म्हणजे भोकं जवळजवळ पाडते, डोळे झाकून देते, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर मला शिव्या नकोत.

घरी आणून बघतो तर पुढची साइट (नेम धरायचा खुंट) किंचित डावीकडे कललेली. ज्या कोणी जोडली त्याने शुक्रवारी संध्याकाळी जोडली असणार. दुकानदार म्हणे स्कोप आहे ना, मग लोखंडी साइट कशाला बघतोस. बरं. वाद घातला नाही, पण पुढच्या वेळी घेताना दुकानातच डोळ्यासमोर धरून बघणार, तुम्हीपण बघा.

पहिल्याच दिवशी फजिती. एका ओळखीच्याने जुना सरप्लस, म्हणजे सैन्याच्या उरलेल्या मालातला, डबा दिला होता, ४४० राउंडचा तो सीलबंद पत्र्याचा डबा, ओपनरने कापून उघडायचा, आत कागदाच्या पुडक्यांत गोळ्या, अगदी वाण्याकडच्या पुड्या. मी खुशीत रेंजवर गेलो, तिथल्या माणसाने खिशातून लोहचुंबक काढलं आणि गोळीच्या टोकाला लावलं. टक्. चिकटलं. म्हणाला, आत पोलाद आहे, आमच्या नेमाच्या लोखंडी प्लेटा फुटतात, चालणार नाही. पाऊण तास गाडी चालवून आलेलो, घरून पोहे बांधून आणलेले, ते पार्किंगमध्ये बसून खाल्ले आणि परत.

तिथून गोळ्यांचा खर्च सुरू झाला. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवीन परवाने बंद केले, तेव्हापासून या ५४ च्या गोळ्यांचे भाव चढलेत ते चढलेच. मी सर्बियाच्या १५० ग्रेनवाल्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घेतो, पितळी पुंगळीच्या, चुंबक लागत नाही. राउंडला डॉलरच्या वर जातात. १८० ग्रेनच्या जड गोळ्यापण मिळतात पण त्या हिला मानवत नाहीत, ही मूळ हलक्या गोळीसाठी बनलेली, जड गोळीने आतला सगळा ऐवज मागे जोरात आपटतो आणि सांगाडा लवकर थकतो. दुकानात विकणारा हे सांगत नाही, त्याच्याकडे जे आहे ते तो देणार. मॅगझिन भरतानाही जरा बघा, गोळीच्या बुडाला कडा आहे, वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसायला हवी नाहीतर अडकते. घाईत भरली की मला हमखास होतं.

आता मारायला कशी? मजा येते राव. आवाज असा की शेजारच्या बेंचवरची माणसं मान वळवतात, पण दणका वाटला होता तेवढा नाही, चार किलोच्या वर वजन आहे आणि नळीच्या टोकाला दणका कमी करणारा ब्रेक आहे म्हणून खांदा वाचतो, जोर सरळ मागे येतो, ढकलल्यासारखा. बट आखूड आहे, सगळे उंच अमेरिकन त्याबद्दल रडतात, मला मात्र अगदी मापाची शिवल्यासारखी बसली. पुंगळ्या उजवीकडे लांब फेकते. लांब म्हणजे दोन बेंच पलीकडच्या बाईंच्या कॉफीत एक पडली, गरमच होती, चुर्र आवाज आला. त्या हसल्या, मी कॉफी आणून दिली, तेव्हापासून शेवटचा उजवीकडचा बेंच मागून घेतो.

शंभर यार्डावर थंड नळीने पहिल्या पाच गोळ्या अडीच इंचात. हे माझं, बेंचवरून, वाळूच्या पिशवीवर ठेवून. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू मारायचो, तेवढंच काय ते शिक्षण, कुणी कोल्हापूरचा नेमबाज मारील तर बरी येईलही. पण नळी बारीक आहे, उदबत्तीसारखी, सातव्या-आठव्या गोळीपासून तापते आणि मग छिद्रं हळूहळू वर चढायला लागतात. पहिल्यांदा मला वाटलं मीच चुकतोय, ट्रिगर झटकतोय, स्कोपचे स्क्रू तपासले, श्वास धरून बघितला. शेवटी कागद नीट बघितला तर भोकांची शिडी! एकावर एक. तेव्हापासून पाच मारायच्या, झडप उघडी ठेवायची आणि दहा मिनिटं थर्मासमधला चहा. तीन तासांत चाळीस राउंड होतात जेमतेम, खिशालाही तेच बरं.

स्कोपवर थोडं जास्त लिहितो कारण माझा जीव त्यातच अडकलाय. बुखारेस्टच्या आयओआर कंपनीची, फक्त चार पट मोठं दाखवणारी, आजच्या हिशोबाने काहीच नाही. रायफलच्या डाव्या कुशीला पट्टी असते तिच्यावर सरकवून खटका दाबायचा. रात्री आकडे उजळायला आत ट्रिटियम होतं ते केव्हाच विझलंय, बारा वर्षांत अर्धं होतं, माझी तर कधीची. पण आत खाली कोपऱ्यात एक वाकडी रेघ आहे, दोनपासून दहापर्यंत आकडे. उभा माणूस सरळ रेघेवर पाय आणि वाकड्या रेघेला डोकं असा बसवायचा, जिथे बसेल तो आकडा म्हणजे तितके शे मीटर. माणसाची उंची १.७ मीटर धरलेली. माझी बरोबर तेवढीच आहे! तर मित्राच्या शेतजागेवर नुसता स्कोप काढून पोराच्या हातात दिला (रायफल घरी, तिजोरीत, माणसावर रायफल रोखून मापं घ्यायची नसतात हे वेगळं सांगायला नको) आणि मी चालत गेलो कुंपणापर्यंत. तिकडून ओरडतोय, बाबा, टोपी काढ, टोपी धरून तू चुकतोयस! टोपी काढली. दोनच्या जरा पुढे म्हणाला. नंतर मोबाइलच्या नकाशावर मोजलं तर २२० मीटर. बॅटरी नाही, चिप नाही, काचेवरची एक रेघ. मी दोन दिवस सगळ्यांना हेच सांगत होतो.

साफसफाई सोपी. जुनी सरप्लस गोळी कुठे मारलीतच तर त्याच दिवशी नळीत गरम पाणी ओता, तिच्या प्रायमरमधले (गोळी पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतले) क्षार राहतात आणि आठवड्यात गंज धरतो, नुसत्या तेलाने ते जात नाहीत. पाणी तापवायला वेगळं पातेलं घ्या. चहाचं घेतलं तर काय होतं ते आमच्याकडे होऊन गेलंय.

लांबी पावणेचार फूट, त्यामुळे तिजोरी घेताना आतली उंची मोजून घ्या, माझी पहिली परत करावी लागली. आणि कुणी विकत असेल तर स्कोपचा नंबर रायफलशी जुळतो का विचारा, पट्टीवर स्कोप हलतो का बघा, आणि मुख्य म्हणजे मॅगझिन किती देतोय ते बघा. एकच देत असेल तर सरळ भाव पाडा, मी तिसरं वेगळं घ्यायला गेलो आणि किंमत ऐकून दोनवरच भागवतोय.