‘ट्रॅकवर चालवतो’ म्हणालो आणि 34 हजारांना बुडालो

गोव्यात रेसिंग ट्रॅक नाही. त्यामुळे आम्ही चार-पाच हौशी मंडळी वर्षातून एखाद-दोनदा आपापल्या गाड्या हाकत कोईम्बतूर गाठतो. तिथला कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा. माझी स्विफ्ट जुनी आहे, पण ब्रेकचे कॅलिपर लाल रंगवलेत, स्प्रिंगा थोड्या कडक टाकल्यात. थोडक्यात, गाडीपेक्षा मालकाचा रुबाब जास्त. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रुबाबातूनच घडलं.

जानेवारीत ट्रॅकवरून परतलो आणि आठवड्याभरात पुढून आवाज यायला लागला. डाव्या बाजूने, टक्-टक्. डिचोलीहून साखळीकडे जाताना रस्त्याला ठिगळं आहेत, तिथे वीस-तीसच्या स्पीडला हमखास. स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर मात्र गाडी गप्प. एखादा खड्डा एकाच चाकाखाली आला की लगेच टक्. रोगाचं नाव गाडी स्वतःच सांगत होती. मला ऐकू आलं नाही, हा माझा दोष.

बार्देशातलं एक गॅरेज आमच्या ओळखीत बरंच चर्चेत होतं. स्वच्छ, टाइल्स लावलेलं, भिंतीवर मोठमोठ्या गाड्यांचे फोटो. मालक तरुण, बोलायला गोड. गाडी उभी केली आणि पहिलं वाक्य मी काय टाकावं? ‘ट्रॅकवर चालवतो मी ही.’

त्याचे डोळे चमकले ते आता आठवतात. तेव्हा वाटलं, माणूस दर्दी आहे.

गाडीत बसून एक फेरी मारावी, आवाज ऐकावा, यातलं काहीच त्याने केलं नाही. पुढची डावी बाजू जॅकवर उचलली, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. चाक हललं. ‘बघितलंत सर? चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक गेला. ट्रॅकवर कडेच्या कर्बवर चढवता ना? त्याने चाकाला खालून धरणारे लोअर आर्मही संपलेत. अशी गाडी घेऊन कोईम्बतूरला गेलात तर वळणावर चाक बाहेर येईल.’ शेवटचं वाक्य तो हळू आवाजात बोलला. बायको शेजारीच उभी होती. पुढे विचार करण्याची सोय उरली नाही.

स्टिअरिंग रॅक 19,000, दोन्ही लोअर आर्म 9,500, मजुरी 6,000. एकूण 34,500. ‘जीएसटी लावला तर वाढेल सर, असंच करू.’ मी खूश. चिठ्ठीवर आकडे लिहून दिले, पैसे यूपीआयने घेतले. रॅम्पच्या खाली गिऱ्हाइकाला येऊ देत नाहीत, विम्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर लोअर आर्मच्या फाटलेल्या रबरी बुशचा व्हिडिओ आला. मी तो लगेच ग्रुपवर टाकला, ‘बघा, ट्रॅकने काय हाल केले’ असं लिहून. मागे दिसणारा कॅलिपर साध्या लोखंडी रंगाचा होता, हे माझ्यासकट एकाच्याही लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. चार दिवस बरं वाटलं. निदान तसं वाटून घेतलं. मग परत टक्-टक्. फोन केला तर ‘नवीन पार्ट आहेत सर, बसायला वेळ लागतो.’ पुढच्या फोनला ‘आता शॉकअप बघावे लागतील.’ म्हणजे आणखी बारा-चौदा हजार.

साखळीला आमच्या नात्यातले एक काका राहतात. आयुष्य खाणीच्या टिप्परखाली गेलं. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरामागच्या शेडमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या बघतात. त्यांच्याकडे आधी का गेलो नाही? शेडला टाइल्स नव्हत्या म्हणून, दुसरं काय.

काकांनी आधी माझ्याकडून चावी घेतली आणि गाडी गावातून फिरवून आणली. एक स्पीडब्रेकर सरळ घेतला, परत येताना तोच तिरका घेतला. सरळ जाताना शांत, तिरकं जाताना टक्. ‘दोन्ही चाकं एकदम वर गेली की स्टॅबिलायझर बार, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी, नुसता फिरतो, त्याला काम नसतं. एक चाक वर, एक खाली झालं की तो पिळतो. आवाज तेव्हाच येतो ना? मग रॅकला कशाला हात लावायचा?’

तरी त्यांनी बाकीचं सोडलं नाही. आधी व्हील नट पान्याने तपासले. ट्रॅकवर चाकं तापतात, निवतात, नट सैल पडले तर तोही असाच वाजतो. हळू जाताना ब्रेकवर हलका पाय ठेवून बघितलं. आवाज थांबला असता तर कॅलिपरच्या पिना किंवा पॅड. स्टिअरिंग पूर्ण कापून गोल फिरवली. कट्-कट् आलं असतं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. मला स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवायला लावून स्वतः स्प्रिंगवर हात ठेवला. अडकून सुटल्याचा झटका लागला असता तर वरचं माउंटिंग. रिव्हर्स घेऊन कचकन ब्रेक मारला. धप्प आलं असतं तर लोअर आर्मचे बुश.

मग नऊ-तीनची गंमत दाखवली. माझ्या हातून डावं चाक हलवून घेतलं आणि म्हणाले, आता उजव्या चाकाकडे बघ. तेही बरोबरीने हलत होतं. ‘ही ढिलाई नव्हे, ही स्टिअरिंग फिरतेय. हे चाक हललं आणि ते जागेवर राहिलं, तर टाय रॉड, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंतची दांडी, नाहीतर रॅक.’ त्या मालकाने मला एकाच बाजूला उभं केलं होतं. शिवाय एकच बाजू जॅकवर उचलली की बार पिळून लिंक रॉड (बारच्या टोकाला जोडलेली छोटी दांडी) ताणला जातो आणि त्याची ढिलाई लपते. काकांनी दोन्ही चाकं लोंबकळू दिली आणि लिंक हाताने हलवली. डावी लिंक पोराच्या दुधाच्या दातासारखी डुगडुगली.

खात्रीसाठी दोन्ही लिंक सोडवून वायरने बांधल्या आणि तीच फेरी परत मारली. आवाज गायब. (बार सुटलेला असताना गाडी वळणावर जास्त झुकते, तेव्हा हा प्रयोग गावातल्या स्पीडलाच करावा.) दोन लिंक रॉड 1,300 रुपयांना आले. मजुरी त्यांनी घेतली नाही, पण एवढं विचारलं, ‘इतले पैशे दिले तुवें?’

मी खाली वाकून बघत होतो तेव्हाच मला माझ्या पिवळ्या रेघा दिसल्या.

ट्रॅकवर जाण्याआधी आम्ही प्रत्येक बोल्ट टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने, कसतो आणि नटापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत पेंटपेनाने रेघ ओढतो. नट जरासा फिरला तरी रेघ तुटते, नुसत्या नजरेने कळतं. लोअर आर्मच्या सगळ्या बोल्टांवर माझी रेघ अखंड होती. आर्म बदललेच नव्हते, धुऊन काळा स्प्रे मारला होता. टाय रॉडच्या लॉकनटवरही स्प्रे होता. काकांनी नखाने खरवडलं, खालून पिवळी रेघ सलग निघाली. तो नट न सोडता रॅक बदलता येत नाही. आणि हो, रॅक बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच लागते. त्याने केली नव्हती, मी विचारली नव्हती, तरी स्टिअरिंग आधीसारखीच सरळ होती. तिथेच शंका यायला हवी होती.

फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. मालकाने आधी आवाज चढवला, मग ‘पोराची चूक झाली’ म्हणाला, मग चहा मागवला. मी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर फोनवर लावून दाखवला आणि सांगितलं की 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही, यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. पण चिठ्ठीवर ना गॅरेजचं नाव ना सही, हे त्यालाही माहीत होतं. शेवटी लोअर आर्मचे 9,500 परत मिळाले. रॅक ‘रिपेअर केला’ असा पवित्रा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. रिपेअर केलेल्या रॅकचे 19,000 कसे, यावर तो फोन घ्यायला बाहेर गेला. उरलेल्या रकमेसाठी तक्रारीचा कागद तयार करतोय. फोटो, चॅट, व्हिडिओ सगळं जोडलंय. लाल कॅलिपर नसलेला तो व्हिडिओ सर्वात वर.

त्याच्या भिंतीवर माझ्या गाडीचा फोटो अजून आहे, खाली ‘ट्रॅक सेटअप’ असं झोकात लिहिलेलं. काढ म्हणून दोनदा सांगितलं. लावला तेव्हा मीच त्याच्याशेजारी उभं राहून सेल्फी घेतला होता.