शस्त्रक्रिया विभागाची व्हिडिओ ओपीडी: करोनाकाळातील अनुभव आणि काही तक्रारी

मध्य मुंबईतील एका धर्मादाय रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाची व्हिडिओ ओपीडी आम्ही 2020 च्या उत्तरार्धात वापरली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पुढच्या तपासण्यांसाठी ती उत्तम होती, आणि शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णालयाने मात्र दोन्हींसाठी फी एकच लावली. पुढे तक्रारीचा भाग असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. तशीही, थोड्याफार फरकाने अशीच व्यवस्था त्या काळात मुंबईतील अनेक रुग्णालयांनी उभी केली होती, त्यामुळे हा अनुभव इतरांच्याही उपयोगी पडावा.

आईचे पित्ताशय सप्टेंबर 2020 मध्ये दुर्बिणीतून काढले. खडे जुनेच होते. मार्चपासून तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया सगळीकडेच पुढे ढकलल्या गेल्यामुळे तिचीही तारीख लांबत गेली होती. अखेर दुखणे इतके वाढले की थांबण्यात अर्थ उरला नाही. दाखल होण्यापूर्वी आरटीपीसीआर, दारावर तापमापक बंदूक, सोबत एकच नातेवाईक, बिलात पीपीई किटची वेगळी ओळ, हे सर्व तेव्हाच्या रिवाजानुसार झाले. घरी सोडताना परिचारिकेने केसपेपरवर पुढील तपासणीच्या तारखेशेजारी ‘व्हिडिओ’ असा शिक्का मारला. खरे सांगायचे तर त्या शिक्क्याने हायसे वाटले. लोकल 15 जूनपासून सुरू झाल्या होत्या, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. पोटावर ताजे टाके असलेल्या साठीच्या बाईला बोरिवलीहून टॅक्सीने, पश्चिम द्रुतगती मार्गावरचे खड्डे सोसत न्यायचे आणि तिथे खोकणाऱ्या माणसांच्या शेजारी बसवायचे, ही कल्पनाच नकोशी होती.

अशा दुरून दिलेल्या वैद्यकीय सल्ल्याला नियमांचा आधार तेव्हा नुकताच मिळालेला होता. देशव्यापी टाळेबंदी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याआधी महाराष्ट्रातले डॉक्टर फोनवरून काही सांगायला बिचकत, आणि त्याला कारणही होते. सिझेरियननंतर पुन्हा दाखल झालेल्या एका रुग्णाला डॉक्टरांच्या अनुपस्थितीत फोनवरील सूचनांनुसार औषधे दिली गेली आणि तिचा मृत्यू झाला, अशा रत्नागिरीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये संबंधित डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता. नव्या तत्त्वांनी निदान चौकट आखून दिली. डॉक्टरने रुग्णाची ओळख पटवून घ्यावी, नोंद ठेवावी, चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक द्यावा, फीची पावती द्यावी, अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे अशा सल्ल्यातून लिहून देऊ नयेत, आणि प्रकृती गंभीर वाटल्यास प्रथमोपचार सांगून रुग्णाला प्रत्यक्ष उपचारांसाठी पाठवावे. आम्ही वापरलेल्या सेवेत यातील पावतीचा मुद्दा सोडल्यास बाकी सर्व गोष्टी नीट पाळल्या गेल्या. पावतीविषयी पुढे लिहिते.

या सेवेचा सर्वांत चांगला भाग व्हिडिओ कॉलच्या आधीच होऊन जातो, असे मला वाटते. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ओपीडीतील परिचारिकेचा फोन आला. ताप आला होता का, जेवण जाते का, लघवी पिवळी होते का, पोटऱ्या सुजल्या आहेत का, असे एकेक विचारून तिने उत्तरे लिहून घेतली. मग टाक्यांचे फोटो कसे काढायचे ते सांगितले: ट्यूबलाइट बंद करून खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, एकदा हातभर अंतरावरून आणि एकदा जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे जखमेचा आकार कळतो. सावळ्या कातडीवरची लाली फोटोत चटकन दिसत नाही, त्यामुळे त्याच जागी हात लावून ती आजूबाजूच्या भागापेक्षा गरम किंवा टणक लागते का, हेही पाहून ठेवायला तिने सांगितले. अशी परिचारिका नसती, तर कॉलची दहा-बारा मिनिटे याच गोष्टी विचारण्यात संपली असती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आईचे नाव, वय आणि पत्ता विचारून घेतला आणि फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले. चारपैकी तीन छेद कोरडे होते. बेंबीजवळच्या छेदातून थोडे पाणी येत होते आणि आम्ही सगळे त्यानेच धास्तावलो होतो. डॉक्टर म्हणाले, “काकू, स्वच्छ गॉज घेऊन त्या टाक्याच्या बाजूला हलकेच दाबा आणि गॉज कॅमेऱ्यासमोर धरा. दुखतंय, की नुसतं ओढल्यासारखं वाटतंय?” आईने गॉज धरला. त्यावर फिकट, पेंढ्याच्या रंगाचा, पातळ डाग होता. दाटपणा नाही, वास नाही, ताप नाही. पू नसून ते नुसते पाणी आहे, दोन दिवस ड्रेसिंग बदलत राहा, आणि ताप शंभरावर गेला, पाण्याला वास आला किंवा भोवतीची जागा लाल होऊन पसरू लागली, तर नंबर न लावता थेट या, असे त्यांनी सांगितले. टाके काढण्यासाठी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून आली. त्यांचा दवाखाना तोवर पुन्हा उघडला होता, त्यामुळे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर टाके निघाले.

पुढच्या कॉलवर काढलेल्या पित्ताशयाचा पॅथॉलॉजी अहवाल डॉक्टरांनी पडद्यावर उघडून ओळीने वाचून दाखवला. दीर्घकाळची सूज आहे, कर्करोगाचे काहीही नाही, हे त्यांनी मराठीत सांगितल्यावर आईने पहिल्यांदा मोकळेपणाने प्रश्न विचारले. तुपाचा प्रश्न अर्थातच पहिला होता. प्रत्यक्ष ओपीडीत, मागे रांग खोळंबलेली असताना, तिने ते विचारले नसते.

आता दुसरी बाजू. बाबांच्या जांघेत फुगवटा दिसू लागला होता आणि तो हर्निया असावा, असे फॅमिली डॉक्टरांनी म्हटले होते. एव्हाना 21 ऑक्टोबरपासून महिलांना सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर लोकलने जाण्याची मुभा मिळाली होती. मी जाऊ शकत होते, पण ज्यांना दाखवायचे ते बाबा नाही. म्हणून पुन्हा व्हिडिओ ओपीडीचा नंबर लावला. हर्निया पाहायची रीत अशी की रुग्णाला उभे करून खोकायला लावायचे आणि त्या वेळी फुगवट्यावर हात ठेवून धक्का जाणवतो का ते पाहायचे; मग त्याला आडवे करून फुगवटा आत जातो का ते तपासायचे. यातले काहीच कॅमेऱ्यातून होत नाही. त्यात आमचे घर वन बीएचके. आतल्या खोलीत भावाच्या मुलीची ऑनलाइन शाळा चालू, बाहेर वहिनी स्वयंपाकाला लागलेल्या. बाबांनी धोतर सावरत “राहू दे” म्हटले आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही, हे त्यांचे सौजन्य. फुगवटा एकाएकी टणक झाला, आत जाईनासा झाला, जोडीला कळा किंवा उलट्या सुरू झाल्या, तर एक मिनिटही न थांबता कॅज्युअल्टीत आणा, ही सूचना त्यांनी दोनदा दिली, आणि तीच त्या कॉलची कमाई. बाकी ‘प्रत्यक्ष दाखवायला या’ यापलीकडे त्यांना सांगण्यासारखे काही नव्हते. ते प्रामाणिक होते, पण हेच उत्तर नंबर नोंदवतानाच देता आले असते.

यात डॉक्टरांचा दोष नाही, रुग्णालयाच्या व्यवस्थेचा आहे. हर्निया, मूळव्याध, स्तनातील किंवा गळ्यावरील गाठ, पोटात नव्याने उठलेले दुखणे, अशा ठिकाणी सर्जनचा हात लागल्याशिवाय निर्णय होत नाही, हे त्या विभागाला आमच्यापेक्षा चांगले माहीत असणार. तरी नोंदणीच्या अर्जात ‘नवीन तक्रार’ आणि ‘शस्त्रक्रियेनंतरची तपासणी’ असे दोन रकाने असूनही पुढे दोघांची रांग एकच आणि फीही एकच. बाबांना शेवटी टॅक्सीने न्यावे लागले आणि फी दुसऱ्यांदा भरावी लागली. कॉलची रक्कम प्रत्यक्ष भेटीच्या फीमधून वजा करावी, या माझ्या विनंतीला काउंटरवर ‘सिस्टिममध्ये तशी सोय नाही’ असे उत्तर मिळाले.

वेळेचे म्हणाल तर अकराची वेळ साडेबारापर्यंत सहज सरकत असे. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकले असतील हे समजू शकते, पण पडद्यावर नुसते फिरणारे वर्तुळ पाहत राहण्यापेक्षा एक संदेश आला असता तर रुग्ण जरा आडवा तरी झाला असता. व्हिडिओ ओपीडीचे ॲप पूर्णपणे इंग्रजीत होते. मुंबईतील धर्मादाय रुग्णालयात येणाऱ्या साठीपुढच्या रुग्णांकडून काय अपेक्षा आहे, हे ते बनवणाऱ्यांनी एकदा ओपीडीच्या बाकावर बसून पाहावे. ज्यांच्या घरी स्मार्टफोन हाताळणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी साध्या फोनचा पर्याय होता, पण त्यावर जखम कशी दाखवणार?

फुकट पर्याय म्हणून सरकारची ई-संजीवनी ओपीडी एप्रिल 2020 पासून उपलब्ध आहे. सर्दी, ताप, रक्तदाबाची गोळी अशा कामांसाठी ती चांगली आहे. मात्र ज्याने पोट उघडून आत पाहिले आहे, त्या सर्जनची जागा अनोळखी डॉक्टर घेऊ शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी मी पैसे देऊनही रुग्णालयाचीच सेवा निवडेन.

आता पावतीविषयी. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींमध्ये दाखल होण्याआधीचे 30 आणि घरी सोडल्यानंतरचे 60 दिवस यांतला खर्च मिळतो, आणि पॉलिसीत डॉक्टरांचा सल्ला समाविष्ट असेल तर दूरसल्लाही मान्य करावा, असे विमा नियामकाने जून 2020 मध्ये कंपन्यांना सांगितले होते. आमच्या हाती मात्र आधी केवळ यूपीआयचा संदेश पडला. रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि ‘शस्त्रक्रियेनंतरचा व्हिडिओ सल्ला’ असा उल्लेख असलेली पावती बऱ्याच ईमेलनंतर मिळाली. कॉल संपण्यापूर्वीच ती मागून घ्यावी. नवीन तक्रारीसाठी नंबर लावत असाल, तर पैसे भरण्याआधी ओपीडीच्या परिचारिकेशी बोलून घ्यावे. काउंटरवर जे कळत नाही ते ती दोन प्रश्नांत सांगते.