1951ची शेवरोले पिकअप : दारांची लॉकं, एका पावसाळ्यानंतर

गेल्या दिवाळीत माझ्या 1951च्या शेवरोले 3100 पिकअपच्या दोन्ही दारांची लॉकं बसवून झाली. त्यानंतर बडोद्याचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढलाय, म्हणून आता खात्रीने लिहितो: दोन्ही दारं एका हाताने लागतात आणि खड्ड्यात उघडत नाहीत. पण याचं निम्म्याहून जास्त श्रेय लॉकला नाही, बिजागऱ्यांना आहे.

जुन्या ट्रकचं दार लागेना की सगळे आधी लॉकवर घसरतात. दार अर्धं उघडा, कडेला खालून धरून वर उचलून बघा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर नवं लॉक आणून काही उपयोग नाही. माझ्या गाडीत वरच्या बिजागरीचं भोक झिजून अंडाकृती झालं होतं. दार लटकलं की लॅच (लॉकचा दारातला खटका) स्ट्रायकरच्या, म्हणजे त्याला अडकवून धरणाऱ्या खांबावरच्या प्लेटच्या, खालच्या काठावर धडकतो, मग माणूस दार आपटतो, आणि आपटून आपटून स्प्रिंगही जाते, खांबाचा पत्राही जातो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर भोकांना रीमर मारून ती पुन्हा गोल करून घेतली, गनमेटलचे बुश (भोकात बसणाऱ्या नळ्या) आणि नव्या पिना घातल्या. तेवढ्याने दार जागेवर आलं.

मग स्ट्रायकर. त्याची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात आणि आटे पाडलेली पट्टी खांबाच्या आत सैल असते, त्यामुळे प्लेट हवी तशी सरकवता येते. आमच्या मिस्त्रीकाकांनी लॅचच्या तोंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावला, दार अलगद लावून उघडलं आणि प्लेटवर उमटलेला लाल डाग दाखवला. ‘हा मधोमध येईपर्यंत स्क्रू आवळायचे नाहीत, भाऊ.’ दुपार त्यातच गेली, पण त्यानंतर पान्याला हात लावावा लागलेला नाही.

अमेरिकेहून मागवलेले लॅच मापाला चोख आहेत. प्लेटिंग मात्र पातळ. श्रावणातच कडा तांबूस झाल्या. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. आतल्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस लावलं होतं, ते टिकलं. काचेच्या फटीतून पाणी दारात जाणारच. ते खालच्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. रंगकामात ही भोकं पुटीने बुजतात आणि लॅच आतून गंजतो. रंगारी निघायच्या आधी तार घालून बघा.

बाहेरचं हॅण्डल मूळचंच ठेवलं, खाली फिरवायचं. या ट्रकना बटणाचं हॅण्डल 1952पासून आलं, तेव्हा 1951च्या गाडीवर बटण दिसलं की मला खटकतं. किल्लीच्या सिलिंडरमध्ये तेल घालू नका. उन्हाळ्यातली धूळ त्यात चिकटते आणि आतल्या पितळी पट्ट्या अडकतात. ग्रेफाइटची पूड चिमूटभर पुरते. माझी किल्ली मे महिन्यातही अडकली नाही.

मूळ लॅचऐवजी ‘बेअर क्लॉ’ म्हणजे जबड्यांचा लॅच घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. सुरक्षेत तो उजवाच: दोन जबडे गोल दांडी पकडतात, दार अर्धवट लागलं तरी पहिल्या टप्प्यावर अडकून राहतं. जुन्या लॅचमध्ये धडकेत दार उघडू न देणारी अशी पकड नाही. फोर्डनेही तसे सेफ्टी लॅच 1956च्या मॉडेलांपासून दिले. पण बेअर क्लॉसाठी दाराची कड आणि खांब कापावा लागतो. 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, तो चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. मला त्या नंबरासाठी अर्ज करायचा आहे, म्हणून कापाकापी टाळली. ज्यांना गाडी नेहमी हायवेवर न्यायची आहे आणि विंटेज नंबर नको आहे, त्यांनी बेअर क्लॉच बसवावा. माझ्या गाडीत मी लॅप बेल्ट (कमरेचे पट्टे) बसवून घेतलेत, आणि मुलांना दाराच्या बाजूला बसवत नाही.