फ्रायडे द थर्टीन्थ : कथा दगा देते, संगीत देत नाही

शॉन कनिंगहॅम दिग्दर्शित ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हा १९८० चा अमेरिकी चित्रपट रक्तपातासाठी गाजला असला, तरी त्याचा कणा ‘खुनी कोण?’ हाच प्रश्न आहे. सुमारे साडेपाच लाख डॉलर एवढ्या तुटपुंज्या खर्चात, न्यू जर्सीतील एका खऱ्याखुऱ्या स्काउट छावणीत तो चित्रित झाला. तळ्याकाठची बंद पडलेली छावणी पुन्हा सुरू करण्यासाठी आलेले तरुण-तरुणी एकेक करून मारले जातात, एवढीच कथा. स्वयंपाकाच्या कामासाठी निघालेली ॲनी एका जीपमध्ये बसून मोकळेपणाने बोलत राहते. चालवणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि समोरून एक शब्दही येत नाही. संशय पेरण्याची ही रीत फार चांगली आहे.

मात्र पुढे चित्रपट रहस्यकथेचा मूळ नियमच मोडतो. खुनी व्यक्ती अखेरच्या टप्प्यातच प्रथम समोर येते, त्यामुळे आधी घेतलेले सगळे संशय वाया जातात. वाचनालयातून रहस्यकथा आणून शेवटच्या पानाआधी गुन्हेगार ओळखू पाहणाऱ्या बेळगावकर वाचकाला हा दोष खुपेल, आणि मला तो गंभीर वाटतो.

हॅरी मॅनफ्रेडिनी यांचे संगीत मात्र प्रामाणिक आहे. खुनी व्यक्ती खरोखर जवळ असेल तेव्हाच ते वाजते. प्रेक्षकाला नुसते दचकवायचे असेल तिथे ते गप्प राहते. मायक्रोफोनमध्ये कुजबुजून, त्यावर प्रतिध्वनी चढवून केलेल्या ‘की की की, मा मा मा’ या आवाजात तर उत्तराचा धागाच दडलेला आहे.

खुनांची दृश्ये खरी भासवणारे रंगभूषाकार टॉम सॅविनी यांची कारागिरीही दाद देण्याजोगी आहे. अभिनेते केविन बेकन यांच्या गळ्यातून बाण बाहेर येतो, त्या दृश्यात बेकन स्वतः पलंगाखाली दडले होते. वर दिसते ते डोके त्यांचे, गळा व छाती कृत्रिम. ऐनवेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तेव्हा सहायकाने तोंडाने फुंकून रक्त वर चढवले.

मधला भाग रेंगाळतो आणि अभिनय बेताचाच आहे. परंतु जनरेटर बंद पडून छावणी अंधारात बुडते, वरून पाऊस कोसळत राहतो, तो भाग बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री काढलेल्यांना नेमका भिडेल, कारण धो धो पावसात अगदी दाराशी आलेल्या माणसाचीही चाहूल लागत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मुलांसोबत हा चित्रपट पाहू नये. मोठ्यांनी तो हेडफोन लावून पाहावा. मोबाइलच्या स्पीकरवर ती कुजबुज नीट ऐकूच येत नाही.