एमएसडब्ल्यू की क्लिनिकल सायकॉलॉजी? बडोद्यातल्या एका मामाचं मत
बीए सायकॉलॉजी झालं की आपल्या बडोद्यात दोन रस्ते समोर येतात, एमए करून पुढे क्लिनिकल सायकॉलॉजी नाहीतर एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) करून सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क, म्हणजे मानसिक आजाराच्या पेशंटबरोबर आणि त्याच्या घरच्यांबरोबर काम. परवा भाचीने विचारलं, मामा तू दुसरा का घेतलास, तर मी अर्धा तास बोललो आणि तिला काही म्हणजे काही कळलं नाही. म्हणून लिहितोय. सिलॅबस, फी वगैरे सांगत बसत नाही, ते कुठेही मिळतं.

सायकॉलॉजीचं आधी. आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन मिळतं, मानसशास्त्रीय टेस्टिंग तुमच्या हातात, पुढेमागे स्वतःचं क्लिनिक टाकता येतं, आणि लग्नात कुणी काय करतोस विचारलं तर एका शब्दात उत्तर. मी सोशल वर्कर म्हटलं की रावपुऱ्यातले आमचे एक काका अजून विचारतात, "ते छानच रे, पण नोकरी कुठे करतोस?" पैशाचंही तसंच. माझ्याबरोबर बीए केलेली मैत्रीण त्या लाइनला गेली, ती माझ्यापेक्षा बरीच पुढे आहे.

थेरपी म्हणाल तर सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची बोलण्यातून थेरपी) तीही करते, मीही करतो. फरक पहिल्या प्रश्नात. ती विचारते डोक्यात काय चाललंय, मी विचारतो घरात कोण कोण आहे, पैसे कोण आणतं, गोळी कोण काढून देतं.

पण माझं ठरलं ते एका दारामुळे. बीएला असताना एका क्लिनिकमध्ये इंटर्नशिपला बसायचो, तिथे दर सेशनला तेच, "घरचे बाहेर बसतील." पेशंटची प्रायव्हसी हवी, मान्य, शंभर टक्के मान्य. पण बाहेर बाकावर आई बसलेली, मांडीवर फाइलची प्लास्टिकची पिशवी, पाऊण तास दाराकडे बघतेय, आणि महिने झाले तरी तिला कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. ते मला फार म्हणजे फारच खुपायचं.

पुढे एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कला एक मुलगा आला, फाइलवर प्रत्येक वेळी तेच, औषध नीट घेत नाही, इनसाइट (स्वतःच्या आजाराची जाणीव) कमी. होम व्हिजिटला गेलो. आईने हिंचक्यावर बसवलं, चहा दिला आणि फ्रिजवरचा बिस्किटाचा डबा उघडून दाखवला, त्यात गोळ्यांच्या पट्ट्या, काही आठवड्यांच्या संपलेल्या आणि काहींच्या जशाच्या तशा. मग म्हणाली, अहो मकरपुऱ्याला जीआयडीसीत कामाला आहे, एक आठवडा आड नाइट असते, गोळी रात्रीची, मशीनवर डुलक्या येतात, दोनदा घरी पाठवलं त्याला. झालं! डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी वेळ बदलून दिली. मैत्रीण म्हणते यात थेरपी कुठे आली, आणि हेही म्हणते की मी केबिनमध्येच काढून घेतलं असतं. असेलही, ती हुशार आहे.

त्रास आमच्याकडेही आहेच. घरी गेलं की पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजी देते, शेजारीण वाटी परत करायच्या निमित्ताने डोकावते, प्रायव्हसी नावालाही नाही. मी सरळ म्हणतो चल नाक्यापर्यंत जाऊन येऊ, आणि खरं बोलणं तिथे, चालता चालता होतं.

कागदपत्रांचं मात्र सांभाळून. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या आहे पण ती एमएसडब्ल्यूवर एमफिल धरून, आणि यूजीसीने एमफिल बंद केल्यावर या दोन्ही विषयांना फक्त २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सूट दिली होती, म्हणजे गोंधळ दोन्हीकडे सारखाच, फॉर्म भरायच्या आधी ताजी नोटीस बघा. २०२१ च्या अलाइड हेल्थ (डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांच्या) कायद्याच्या यादीत क्लिनिकल सोशल वर्कर आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

टेस्ट, रिपोर्ट, शांत खोली आवडत असेल तर सायकॉलॉजीच घ्या, माझं ऐकू नका. पण बाकावरच्या आईकडे लक्ष जात असेल तर एमएस युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क फॅकल्टीत एकदा चक्कर मारून या, घरापासून लांबही नाही. आमच्या हिला विचारलंत तर ती सायकॉलॉजीच सांगेल, रविवारी दुपारी पेशंटच्या आयांचे फोन तिलाच उचलावे लागतात.