जुन्या ग्रँड व्हिटाराचे व्हायझर: खोचायचे, चिकटवायचे की बनवून घ्यायचे?

साताऱ्यात पोवई नाक्यावर कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात 'ग्रँड व्हिटाराचे डोअर व्हायझर', म्हणजे दाराच्या काचेवर लावायच्या ऊन-पावसाच्या पट्ट्या मागा, पोरगा दोन मिनिटांत सेट काउंटरवर ठेवतो. घेऊ नका. तो 2022 साली मारुतीने त्याच नावाने आणलेल्या नव्या गाडीचा असतो. आपली जुनी ग्रँड व्हिटारा 2007 पासून काही वर्षं जपानमधून तयार होऊन यायची. नाव सोडलं तर दोघींचं काही नातं नाही आणि दाराची चौकट तर अजिबात जुळत नाही. मी एक सेट असाच घरी आणून, दाराला लावून बघून, परत देऊन आलोय. परत घेताना दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता.

साताऱ्यात राहून कास, बामणोलीकडे जाणं-येणं असेल तर व्हायझर म्हणजे नुसती सजावट नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटात काचा आतून वाफाळतात, आणि एसी थकलेला असेल तर काच दोन बोटं खाली घेण्यावाचून इलाज नसतो. तेव्हा दाराला वळचण लागतेच. सांगलीकडे पाऊस त्यामानाने कमी, पण उन्हात उभी केलेली गाडी बोटभर उघडी ठेवायला तिथेही उपयोग होतो.

आधी शोधायचं कुठल्या नावाने, ते सांगतो. जपानमध्ये हीच गाडी सुझुकी एस्कुडो म्हणून विकली जायची आणि तिकडे या पट्ट्यांना साइड व्हायझर म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्याच वेदर शील्ड होतात, इंग्लंडात विंड डिफ्लेक्टर. ही चार-पाच नावं आलटून पालटून टाकली की माल दिसायला लागतो. 2005 नंतरचं पाच दारी मॉडेल आहे ना, हे तपासा. परदेशात तीन दारीही खपली आणि तिची चौकट वेगळी. सेटमध्ये दोनच नग दिसले तर आधी विक्रेत्याला विचारा. गाडी उजव्या स्टिअरिंगची की डाव्या, याने सहसा फरक पडत नाही.

आता मुख्य निवड. युरोपात बनणारे हेको किंवा क्लिमएअरसारखे व्हायझर बहुधा काचेच्या रबरी चॅनलमध्ये खोचायचे असतात. टेप नाही, रंगाला धक्का नाही, बाहेरून चोरणंही अवघड. जपानी आणि ऑस्ट्रेलियन पद्धतीचे व्हायझर चौकटीवर बाहेरून दुहेरी टेपने चिकटतात. ते रुंद असतात, त्यामुळे आडव्या पावसात जास्त कामाचे. गाडी कोरी असेल तर दोन्ही चालतात. पंधरा वर्षांच्या गाडीला तसं नाही, आणि नेमकं हेच कोणी दुकानात सांगत नाही.

गाडीच्या काचांची चारही बटणं दाबून बघा. काच वर जाताना रेंगाळते, शेवटच्या दोन इंचांत मोटर कण्हते, असं असेल तर रबर कडक झालेलं आहे. त्यात आणखी पट्टी खोचली की मोटरवर ताण येतो, आणि या गाडीचं विंडो रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, शोधणं हे व्हायझर शोधण्याहून मोठं दुखणं आहे. अशा वेळी टेपवाला घ्या. उलट, चौकट कधी डेंटिंग-पेंटिंग होऊन आली असेल तर टेप नको. उद्या व्हायझर काढायची वेळ आली की टेपसोबत रंगाचा पापुद्राही निघतो. दोन्ही दुखणी असतील तर आधी चॅनल पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. काच सुटी झाली तर खोचायचा घ्या, नाहीतर व्हायझरचा विचार तूर्त सोडा आणि रबरं शोधा.

मागवताना वस्तूची किंमत बघून भुलू नका. खोकं हलकं पण लांब असतं. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि तेवढे किलो धरतात. 110 बाय 25 बाय 12 चं खोकं म्हणजे 6.6 किलो, आत माल जेमतेम किलोभर का असेना. शिवाय कस्टम ड्युटी वस्तूवर अधिक वाहतुकीवर लागते. म्हणून मुंबई-पुण्यातला कोणी आधीच पार्ट मागवत असेल तर त्याच्यासोबत मागवा.

इथेच बनवून घेणं? फलक बनवणारे 3 मिलिमीटरचं ॲक्रिलिक लेझरवर कापून, तापवून वाकवून देतात. स्वस्त पडतं. पण चौकटीला दोन दिशांनी बाक असतो आणि साच्याशिवाय तो हातावर येत नाही. कुठेतरी फट राहते, आणि हायवेवर ऐंशीच्या पुढे ती शिट्टी वाजवायला लागते. पुण्याला जाताना शिरवळपर्यंत ऐकवते, पुढे नाही. लेझरने कापलेल्या कडेला स्पिरिट लागलं तर बारीक तडेही जातात. मोजून लावायच्या युनिव्हर्सल पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको.

भंगार बाजारातून, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून, जुना सेट मिळाला तर तो सोनं समजा. टेप खरवडून नवी लावता येते. फक्त वाकवून बघू नका, जुनं ॲक्रिलिक काचेसारखं तुटतं.

मी स्वतः टेपवाले घेतले, तेही पुढचे दोनच. मागच्या काचा आमच्याकडे कोणी उघडत नाही.

लावायचे ते मेमध्ये, मृगाची वाट बघू नका. चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करा, सकाळच्या कोवळ्या उन्हात लावा, नंतर नीट दाबा. टेपला पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात. तेवढे तीन दिवस गाडी धुऊ नका आणि वळवाचं आभाळ दिसलं तर कोणाच्या तरी शेडमध्ये नेऊन लावा.