डिकॉलनायझिंग जिऑग्राफीचा ऑनलाइन कोर्स: नकाशांसाठी करा, क्विझसाठी नको

आदिवासी ज्ञान आणि मानवी भूगोलावरचा वसाहतवादाचा पगडा, असा भारदस्त विषय असलेला हा ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला, तर आधीच सांगते, सुरुवातीला कंटाळून सोडू नका. पहिले दोन मॉड्युल म्हणजे एपिस्टेमॉलॉजी (म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं) काय, पोझिशनॅलिटी (म्हणजे बघणारा कोण, कुठून बघतोय) काय, सर स्लाइड वाचतायत आणि आपण दीडपट स्पीडने पळवतोय.

खरी मजा नकाशांपासून. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरचे काड्यांचे नकाशे बघितलेत कधी? नारळाच्या झावळीच्या काड्या बांधून केलेले, शिंपले म्हणजे बेटं आणि वाकवलेल्या काड्या म्हणजे बेटाला अडून वळणाऱ्या लाटा. आणि हा नकाशा होडीत न्यायचाच नाही, किनाऱ्यावर पाठ करायचा, मग समुद्रात होडी कशी हलतेय त्यावरून अंगानेच ओळखायचं! ना प्रमाण ना उत्तर दिशा, शाळेतल्या व्याख्येत बसतच नाही, पण काम चोख.

मग कॅनडातली डेलगामूक केस. ब्रिटिश कोलंबियातल्या गित्क्सन आणि वेट्सुवेटेन या आदिवासी लोकांनी ५८,००० चौरस किमी जमिनीवर हक्क सांगितला, पुरावा काय तर पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेला इतिहास आणि गाणी. एक आजी कोर्टात गाणं म्हणणार तर जज म्हणतात मला सुरांचा कानच नाही. १९९१ ला हरले. १९९७ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, तोंडी इतिहासालाही कागदपत्रांच्या बरोबरीने वजन द्या, पण जमिनीचा फैसला केलाच नाही, खटला नव्याने चालवा म्हणाले. हा 'पण' कोर्सने लपवला नाही हे आवडलं, नाहीतर अशा विषयात सगळ्याची विजयगाथा करून टाकतात.

आता चिडचिड. सगळी लेक्चर्स प्रोफेसरांची, ज्यांचं ज्ञान ती माणसं मध्येमध्ये छोट्या क्लिपमध्ये, त्यातही सबटायटल्समध्ये नावांची वाट लावलेली. आणि परीक्षा? तोंडी ज्ञानावरचा कोर्स आणि शेवटी चारातला एक पर्याय निवडा, कर्म माझं. ऑस्ट्रेलियातलं उलुरू, म्हणजे तो प्रचंड खडक, तिथल्या आदिवासी अनंगू लोकांना परत कधी मिळालं, १९८५. त्यावर चढायला बंदी कधी, २०१९. झालं, दोन मार्क. अहो मधली ३४ वर्षं अनंगू लोकांना नको असताना चढाई चालूच कशी राहिली ते विचारा ना, जमीन परत देतानाच सरकारने ती नॅशनल पार्कसाठी ९९ वर्षांच्या लीजवर घेतली होती, भूगोल तर तिथे आहे.

भूगोल शिकवणाऱ्यांनी जरूर बघा, फक्त सर्टिफिकेटच्या नादी लागू नका. पाचपैकी साडेतीन.